प्रगती समाधानकारक

गेल्या महिन्यात मोर्शीत आमच्या चळवळीची एक छोटी बैठक झाली. विषय स्पर्धा परीक्षांचा होता, पण चहा येईपर्यंत बोलणं पीएचडीकडे वळलं. खोलीत वीस-बावीस मुलंमुली होती, त्यांतले सहा जण पीएचडीला नोंदणी केलेले निघाले. तालुक्याच्या एका गावात, एका खोलीत सहा मुस्लिम संशोधक विद्यार्थी. माझ्या विद्यार्थिदशेत अख्ख्या तालुक्यात असा एक शोधायला निघालो असतो तरी सापडला नसता. मला मनापासून आनंद झाला.

मी सहज विचारलं, तुमच्या शेवटच्या सहामाही प्रगती अहवालात कामाबद्दल काय लिहिलं होतं? सहाही जणांचं उत्तर एकच होतं : ‘प्रगती समाधानकारक’. मग विचारलं, लिहून किती झालंय? एकीचं एक प्रकरण झालं होतं. एकाची प्रश्नावली तयार होती, वाटायची राहिली होती. बाकीचे एकमेकांकडे पाहून हसले. एक मुलगा म्हणाला, “सर, अहवालात काय लिहावं लागते? मागचाच कागद काढतो, तारीख बदलली की झालं. गाईड सही करून देते.”

सगळे पुन्हा हसले. मला मात्र हसता आलं नाही, कारण तो मुलगा माझीच गोष्ट सांगत होता.

मी २०१७ मध्ये पीएचडीला नोंदणी केली होती. विषय होता मोर्शी-वरूड भागातल्या संत्र्याच्या व्यापारातले बागवान. बाग फुलोऱ्यावर असतानाच ती कोण विकत घेतं, उचल कशी दिली जाते, तोडीचे मजूर कुठून येतात, पेट्या कोणत्या शहरांकडे जातात, आणि या सगळ्यात आपल्या लोकांचा हात किती पिढ्यांपासून आहे, हे मला लिहायचं होतं. उत्साह दांडगा होता. पहिल्या वर्षात मी तीन म्हाताऱ्या व्यापाऱ्यांच्या लांबलचक मुलाखती घेतल्या. एका चाचांनी तर वडिलांच्या काळातल्या हिशेबाच्या उर्दू वह्या काढून दाखवल्या. त्यानंतर नोकरी, घर, आईचं आजारपण आलं, मग करोना आला. काम थांबलं. अहवाल मात्र थांबले नाहीत. काही वेळेवर गेले, काही गेलेच नाहीत. पाचव्या वर्षी एका दुपारी मी राहिलेले चार अहवाल एकाच पेनाने, मागच्या तारखा घालून भरले आणि चारही कागदांवर सह्या घेतल्या. चारही ठिकाणी काम समाधानकारक होतं. मार्गदर्शकांनी ते मला चांगुलपणाने करून दिलं आणि मीही आभार मानून आलो. दोष एकट्या त्यांचा म्हणता येणार नाही, त्या कागदांवर माझीही सही होती.

मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी करायचा असतो, हे मला मुदत संपल्यावर कळलं. नोंदणी गेली. त्या तिघांपैकी दोघे आता या जगात नाहीत. मुलाखतींच्या वह्या माझ्या कपाटात एका प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. उर्दू हिशेबवह्यांचं काय झालं, ते विचारायला त्या चाचांच्या घरी जाण्याची हिंमत मला अजून झालेली नाही.

हे सांगण्याचं कारण, त्या सहा जणांपैकी कुणालाही आपण काही चुकीचं करतोय असं वाटत नव्हतं. सहामाही अहवाल म्हणजे विद्यापीठाच्या फाइलचं पोट भरायचा कागद, अशीच त्यांची समजूत होती. माझीही तीच होती. नियम मी नोंदणी गेल्यावर वाचले. तुम्ही त्याआधी वाचावेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडीसाठीची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केली. त्याआधीची २०१६ ची होती आणि या बाबतीत दोन्हींचा गाभा जवळपास एकच आहे. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते आणि मार्गदर्शक तिचे निमंत्रक असतात. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने या समितीसमोर उभं राहून आपलं काम मांडायचं आणि छोटा अहवाल द्यायचा. समितीने त्यावर शिफारशी करायच्या, त्या संस्थेकडे पाठवायच्या आणि त्यांची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. काम समाधानकारक नसेल तर समितीने त्याची कारणं नोंदवायची आणि सुधारणेचे उपाय सुचवायचे. ते उपायही अमलात आले नाहीत तरच, ठोस कारणं देऊन, नोंदणी रद्द करण्याची शिफारस करता येते.

नियम पुन्हा वाचा आणि पाहा, त्यात समितीवर किती कामं टाकली आहेत. ऐकणं, कारणं लिहिणं, उपाय सुचवणं, प्रत देणं. विद्यार्थ्यावर एकच काम आहे, खरं सांगण्याचं. म्हणजे ‘समाधानकारक नाही’ असा शेरा मिळाला, तर मदत मागण्याचा लेखी आधार तुमच्या हातात येतो. खोट्या ‘समाधानकारक’ने तो आधारच काढून घेतला जातो. सहा वर्षांनी तुम्ही सांगायला गेलात की प्रयोगशाळेत यंत्र बंद होतं, मार्गदर्शक वर्षभर भेटले नाहीत, विषय फार मोठा होता, तर समोरचा माणूस फाइल उघडून दाखवतो की तुमचं तर सगळं उत्तम चाललं होतं. त्याचं बरोबरच असतं.

माझ्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांतच कुणी तरी म्हणायला हवं होतं की बाबा, दोन तालुके, चार पिढ्या आणि अख्खा बाजार हा एका प्रबंधाचा विषय नाही, एक बाजार आणि वीस वर्षं घे. मी ते ऐकलं असतं. पण ते म्हणायला कुणी तरी माझं काम ऐकायला हवं होतं, आणि मी ते मांडायला हवं होतं.

आता आपल्या मुलामुलींकडून हे का होतं, ते बोलू. सगळीच मुलं असं करतात, हे खरं आहे. तरी आपल्याकडे काही गोष्टी जास्तीच्या आहेत.

पहिली म्हणजे घरात या वाटेने आधी कुणी गेलेलं नसतं. बी.ए., बी.एस्सी. काय असतं ते अब्बूंना माहीत असतं, कारण परीक्षा असते, निकाल असतो, मार्कशीट असते. पीएचडीला यातलं काहीच दिसत नाही. मुलगा रोज लॅपटॉप उघडून बसतो एवढंच दिसतं. “बेटा, और कितने साल?” हा एकच प्रश्न घरात विचारला जातो आणि त्याला “चल रहा है” हे एकच उत्तर दिलं जातं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएचडी करून मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं विधान केलं तेव्हा राज्यभरातले संशोधक विद्यार्थी संतापले, आणि ते योग्यच होतं. पण आपल्या कितीतरी घरांत हाच सवाल वर्षानुवर्षं मऊ आवाजात विचारला जातो आणि आपण त्याला नीट उत्तर देत नाही, हेही खरं आहे.

दुसरी गोष्ट उस्तादाच्या अदबीची. ही आपल्या तहजीबमधली सुंदर गोष्ट आहे आणि मी तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण सहीसाठी मार्गदर्शकांच्या दारात चार तास उभं राहणं ही अदब, आणि ‘सर, माझं काम अडलंय, समितीची बैठक लावाल का?’ असं विचारणं ही बेअदबी, असा हिशेब आपण करून बसलो आहोत. त्यात एक भीतीही मिसळलेली असते. विभागात आपण एकटेच, नावावरून ओळखू येणारे, उगीच प्रश्न विचारणारा म्हणून नाव कशाला खराब करा? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की बोलण्यापेक्षा लिहा. दोन ओळींचा नम्र ईमेल करा, त्याची प्रत संशोधन केंद्राला द्या. ज्याला भांडता येत नाही त्याच्यासाठी कागद हेच चांगलं साधन आहे. आणि समिती वाईट हेतूने वागत असेल, तरी कारणं लेखी द्यावी लागतात ही अट तुमच्याच बाजूची आहे.

तिसरी गोष्ट साधी, अंतराची आणि पोटाची. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये झालं ते मुळात वऱ्हाडातल्या मुलांना प्रत्येक कामासाठी नागपूर गाठावं लागू नये म्हणून. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. मोर्शीहून अमरावती पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पण जो मुलगा सकाळी तासिका तत्त्वावर शिकवतो आणि दुपारी शिकवण्या घेतो, त्याच्यासाठी अमरावतीची एक चक्कर म्हणजे एका दिवसाची कमाई. सही हवी असेल तर तो ती चक्कर मारतो, चर्चेसाठी मारत नाही.

पैशाचा विषय निघाला आहे तर तोही सांगतो. सच्चर समितीनंतर, २००९ मध्ये, मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. नेट-जेआरएफ हुकलेल्या, पण संशोधन करू पाहणाऱ्या अल्पसंख्याक मुलांसाठी ती मोठी गोष्ट होती. ८ डिसेंबर २०२२ रोजी लोकसभेत सांगण्यात आलं की २०२२-२३ पासून ती बंद करण्यात येत आहे, कारण ती इतर योजनांशी जुळते. त्याच उत्तरात २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ जणांची निवड झाल्याची आणि ७३८.८५ कोटी रुपये वाटले गेल्याची माहिती होती. आधी निवड झालेल्यांची फेलोशिप चालू राहिली, तरी २०२५ च्या सुरुवातीला त्यांतल्या अनेकांचे पैसे काही महिने अडकले होते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला मंजुरी दिली. मंजुरी आणि हातात पडणारी रक्कम यांच्यातलं अंतर किती असतं, ते त्या तिन्ही संस्थांच्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनांनी आपल्याला दाखवलं आहे. त्यासाठी लढावंच लागेल आणि आपण लढतो आहोत. पण मार्टीची फेलोशिप मागताना आपल्याला विचारलं जाईल की नोंदणी झालेल्या तुमच्या मुलांपैकी पूर्ण किती जणांनी केलं? त्या दिवशी त्या खोलीत मला हाच प्रश्न टोचत होता.

केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातल्या ४.१४ कोटी विद्यार्थ्यांत मुस्लिम विद्यार्थी सुमारे १९.२ लाख होते, म्हणजे ४.६ टक्के. लोकसंख्येत आपला वाटा २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४.२ टक्के आहे. त्याच्या आदल्या वर्षी हीच संख्या २१ लाखांच्या आसपास होती. इतक्या गळतीतून वाट काढत जो पीएचडीपर्यंत पोहोचला, तो तिथे कागदावरच्या एका खोट्या शब्दामुळे गळावा, हे मला सहन होत नाही.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. बैठक संपल्यावर त्या सहांपैकी एक जण मागे थांबली. रसायनशास्त्राची. निकाह ठरलेला, सासर खानदेशात. दोन वर्षांचं काम झालं होतं, आणि ते आता सुटणार असं तिने मनाशी धरूनच टाकलं होतं. तिची अम्मी सोबत आली होती. मी विचारलं, नोंदणी तिकडे नेण्याबद्दल मार्गदर्शकांशी बोललीस का? ती म्हणाली, “नेता येते का सर?”

येते. लग्नामुळे किंवा इतर कारणाने दुसरीकडे जावं लागणाऱ्या महिला संशोधकाला आपली संशोधन सामग्री नव्या संस्थेत नेण्याचा हक्क नियमावलीने दिला आहे. बाकीच्या अटी पाळायच्या, जुन्या संस्थेला आणि मार्गदर्शकांना त्यांचं श्रेय द्यायचं, आणि काम एखाद्या निधी संस्थेने त्या संस्थेला मंजूर केलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, एवढंच. शिवाय पीएचडीच्या एकूण काळात बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं वाढू शकते, आणि महिलांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत आहे, म्हणजे जास्तीत जास्त दहा. चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांनाही हीच सवलत आहे. पण यातलं काहीही आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. आणि अर्जासोबत तुमचं काम कुठवर आलं आहे हे दाखवणारा कागद लागतो. तो कागद म्हणजेच सहामाही अहवाल. ‘समाधानकारक’ एवढाच शब्द असलेला अहवाल घेऊन नव्या गावात कोणता मार्गदर्शक तुम्हाला स्वीकारेल? कोणती संयुगं तयार झाली, कोणत्या चाचण्या राहिल्या, असं लिहिलेले चार अहवाल असतील, तर गोष्ट वेगळी.

तिच्या अम्मीने सगळं शांतपणे ऐकलं. मग मला विचारलं, हे निकाहाच्या आधी लडकेवालों से बोलायचं का नंतर? मी म्हणालो, आपा, आधी. कामाचे अहवाल दाखवून बोला.

मुदत आणि रजेचा विषय निघाला की मला बाबासाहेबांचं उदाहरण आठवतं. १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि त्यांना लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पण जाण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. १९२० मध्ये ते परत गेले. रुपयावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी एकदा फेरलिखाणासाठी परत केला, त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्या थोर माणसाचंही काम थांबलं होतं, प्रबंधही परत आला होता. परवानगीचा कागद मात्र त्यांनी वेळेवर घेतला होता.

आणखी एक गोष्ट आपल्या तालुक्याची. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे. महानुभावांचं हे मोठं ठिकाण. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. एकाने गोळा करायचं आणि दुसऱ्या जाणत्याने तपासायचं, ही पद्धत आपल्या मातीला नवी नाही. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे आणि २०२४ मध्ये त्याचे पहिले कुलगुरूही नेमले गेले. या महानुभाव साहित्याचे एक मोठे अभ्यासक होते यू. म. पठाण. मराठवाडा विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख, १९९० च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी बखरींमधल्या फारसीचाही अभ्यास केला आणि संत साहित्याचाही. मराठी आणि उर्दू-फारसी अशा दोन्ही बाजूंनी वाचू शकणारा माणूस काय करू शकतो, ते त्यांच्याकडे पाहून कळतं. अचलपूरची इमादशाही, निजामाचा वऱ्हाड, मशिदी-दर्ग्यांचे जुने कागद, बागवानांच्या हिशेबवह्या, यातलं बरंच काही अजून कुणी नीट वाचलेलं नाही. हे वाचायला दोन्ही भाषा लागतात आणि त्या तुमच्याकडे आहेत. म्हणून तुमची एक नोंदणी गेली की एका मुलाची पदवी जाते, शिवाय काही माणसांच्या आठवणी कायमच्या जातात. माझ्या कपाटातली पिशवी मला हे रोज सांगते.

तेव्हा आम्ही मोर्शीत एक साधी गोष्ट ठरवली आहे. दर तीन महिन्यांनी, एका रविवारी, नोंदणी झालेले सगळे जण एकत्र बसतील. प्रत्येकाने पंधरा मिनिटांत सांगायचं की या तीन महिन्यांत काय केलं, काय अडलं आणि पुढे काय करणार. विषय कुणाचाही असो, बाकीच्यांनी ऐकायचं आणि प्रश्न विचारायचे. आमच्यातल्या दोन निवृत्त प्राध्यापकांनी बसायचं कबूल केलं आहे. एक जण गणिताचे आहेत, त्यांना इतिहासातलं काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात, पण ‘हे तुला कशावरून कळलं?’ एवढा प्रश्न ते उत्तम विचारतात. जे बोललं जाईल ते एका पानावर लिहायचं आणि तेच पान सुधारून विद्यापीठाच्या अहवालात न्यायचं. मार्गदर्शकांना डावलण्याचा यात काही हेतू नाही. उलट चांगल्या मार्गदर्शकांना, आणि असे पुष्कळ आहेत, नेमकं लिहिलेला अहवाल वाचायला आनंदच होईल.

घरच्यांनाही एका बैठकीला बोलावणार आहोत. अब्बू-अम्मींसमोर आपला विषय दहा मिनिटांत, घरच्या बोलीत सांगता येतो का, हे प्रत्येकाने करून पाहायचं. मी स्वतः पहिल्यांदा तसा प्रयत्न केला तेव्हा तीन वाक्यांत अडकलो होतो.

अचलपूर, वरूड, परतवाडा, अकोट, बाळापूर, कारंजा, जिथे जिथे आमचे वाचक आहेत, तिथे चार जण जमले तरी हे करता येईल. जागा आणि चहा याशिवाय खर्च नाही.

मोर्शीतली पहिली बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता, नेहमीच्याच खोलीत आहे. ती रसायनशास्त्राची मुलगी येणार आहे, तिने नव्या गावातल्या दोन मार्गदर्शकांना ईमेल केले आहेत. मी माझ्या मुलाखतींच्या वह्या घेऊन येईन. बागवानांच्या व्यापारावर कुणाला काम करायचं असेल तर त्या त्याच्या किंवा तिच्या. येताना तुमचे शेवटचे दोन अहवाल सोबत आणा. मागच्याची नक्कल असली तरी चालेल, सुरुवात तिथूनच करू.